यशोगाथा छापताच आहात, आता पहिल्या वर्षाचा हिशोबही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला कुणा ना कुणा उद्योजकाची किंवा उद्योजिकेची गोष्ट येते, ती मी न चुकता वाचते आणि आमच्या बचत गटातल्या बायकांनाही वाचायला देते, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण गेले बरेच दिवस एक गोष्ट मनात साचलीय ती आज लिहूनच टाकते. या सगळ्या गोष्टींमध्ये सुरुवात दोन ओळींत उरकलेली असते. घरच्या घरी, थोड्याशा भांडवलावर काम सुरू केलं असं एक वाक्य येतं आणि पुढच्या परिच्छेदात डायरेक्ट शेड, मशिनरी, कामगार, दुबईला माल. मधलं सगळं गायब. आणि जिला सुरुवात करायचीय तिला नेमकं ते मधलंच हवं असतं हो. पहिला माल किती केला, कुणाला विकला, भाव कसा काढला, पैसे मागताना काय बोलली, उरलेल्या मालाचं काय केलं, घरात कोण काय म्हणालं. हे कुठेच छापून येत नाही म्हणून मग वाचणारीला वाटतं की ही माणसं वेगळीच असतात, आपल्यात ते नाही.

मी कराडची. कांदा-लसूण मसाला करून विकते. आमच्याकडे त्याला चटणीच म्हणतात. फार मोठा व्यवसाय नाही, पण स्वतःचा आहे, दरवर्षीची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत आणि पुण्या-मुंबईला राहणारी माहेरवाशीण मंडळी सुट्टीला आली की डबे भरून घेऊन जातात. हे सांगायचं कारण एवढंच की मी जे लिहितेय ते पुस्तकातलं नाही. सुरुवात कुठे अडते ते मी गटातल्या बायकांमध्ये बसून बघितलेलं आहे आणि म्हणूनच याबद्दल मला इतकं तळमळीने लिहावंसं वाटतंय.

आमच्याकडे कुणीच सरळ "मला भीती वाटते" असं म्हणत नाही. आधी मुलीची दहावी होऊ दे. मग दिवाळीनंतर बघू. मग पितृपक्षात नको. मग एक कोर्स करून घेते. मग तो कोर्स झाला की ॲडव्हान्स कोर्स. मग लोगो कुणाकडून करून घेऊ, नाव काय ठेवू, आमच्या गटात एका उत्तम लाडू करणाऱ्या बाईंचं नावच ठरत नव्हतं, तोवर एक लाडू विकला गेला नव्हता. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत, ती बाई आळशी अजिबात नाही, पहाटेपासून राबते. पण नाव ठरवणं, लोगो, कोर्स या सगळ्यात एक सोय आहे, त्यात कुणी आपल्याला नाही म्हणू शकत नाही. विकायला गेलं की समोरचा नाही म्हणू शकतो. खरी अडचण तिथे आहे.

आणि अनुभव नाही, अनुभव नाही असं जे सगळ्याजणी म्हणतात ना, त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय.

मध्ये आमच्या इथे गटांच्या मालाचं एक छोटं प्रदर्शन भरलं होतं. शेजारच्या टेबलावर एक मावशी गव्हाच्या कुरडया घेऊन बसलेल्या. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या, कुठे तुकडा नाही. गव्हाची कुरडई म्हणजे काय काम आहे हे ज्याने केलंय त्यालाच माहीत, गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून द्यायचं, आणि तो चीक शिजवताना हात जरा थांबला की गाठी. एक गिऱ्हाईक आलं, चांगल्या घरचं, कुरडई हातात घेऊन बघितली आणि विचारलं, पहिल्यांदाच करताय का? मावशी एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "हो, पहिल्यांदाच." ते गिऱ्हाईक कुरडई ठेवून पुढे गेलं. मी न राहवून विचारलं, मावशी, किती वर्षं करताय कुरडया? तर म्हणाल्या, लग्न झाल्यापासून, तीसेक वर्षं झाली असतील, सासूबाईंच्या हाताखाली शिकले. मग पहिल्यांदाच का म्हणालात? तर "विकायला पहिल्यांदाच ना गं."

आता बघा, खोटं काहीच बोलल्या नाहीत त्या. पण दोन वेगळे अनुभव आहेत आणि आपण ते एकत्र करून टाकतो. करायचा अनुभव आणि विकायचा अनुभव. पहिला आमच्या बायकांकडे ढीगभर आहे, तो कुणी मोजत नाही कारण त्याचे कधी पैसे मिळाले नाहीत, सर्टिफिकेट मिळालं नाही. दुसरा खरंच नसतो. पण तो कुठल्या वर्गात मिळणारच नाही, तो विकूनच येतो. म्हणून "अनुभव आल्यावर सुरू करीन" या वाक्याला काही अर्थच उरत नाही, कारण तो येण्याची जागा सुरू केल्यानंतरच आहे. त्या मावशींना मी एवढंच म्हटलं की पुढच्या माणसाला आधी तीस वर्षं सांगा आणि मग पहिल्यांदाच विकतेय ते सांगा. दुपारपर्यंत त्यांची टोपली निम्म्याच्या वर रिकामी झाली. बोलायची रीत बदलली फक्त, कुरडई तीच होती.

लिज्जतचं उदाहरण सगळे देतात. पण ते देताना पण तेच होतं, आजचा आकडा सांगतात, सुरुवात राहून जाते. सुरुवात अशी आहे की १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर ७ बायका जमल्या, ८० रुपये उसने आणलेले, आणि त्या दिवशी पापडाची ४ पाकिटं झाली. चारच. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. पहिल्या वर्षाची सगळी विक्री ६,१९६ रुपये. आणि मला सगळ्यात जास्त भावतं ते पुढचं, पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. चार महिने! आज आमच्यातल्या एखादीचं काम चार महिने बंद पडलं तर सगळी आळी म्हणेल, बघा, म्हटलं नव्हतं का. त्यांनी काय केलं, पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा, झालं वाळवण. कुठल्याही कन्सल्टंटने हे सांगितलं नसतं, पावसात अडकल्याशिवाय हे सुचलंच नसतं. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक चांगला, एक स्वस्तातला. तर ज्यांनी पैसे उसने दिले त्या छगनबाप्पांनी सांगितलं की स्वस्तातला बंद करा, एकच चांगला ठेवा. हा निर्णयसुद्धा काम सुरू झाल्यावर झालेला आहे, आधी कागदावर ठरवून नाही. तुमच्या पुरवणीत कधी ही खाट आणि हा स्टोव्ह येऊ द्या ना साहेब. त्याचा उपयोग होतो आम्हाला.

आता माझ्या कामाचं थोडं सांगते, म्हणजे मी कसला हिशोब छापा म्हणतेय ते कळेल.

पहिली खेप करताना मी एकच ठरवलं होतं, की हा सगळा माल विकला गेला नाही तर घरात वर्षभर खाल्ला जाईल एवढाच करायचा. बस. मिरचीचं पोतं घ्यायचं नाही. त्यामुळे डोक्यावर ओझं राहिलं नाही आणि नवऱ्याला समजावायला पण सोपं गेलं, कारण तसंही घरच्यापुरती चटणी दरवर्षी होतेच, त्यात थोडी जास्त. ज्यांना खाण्याचं काही करायचंय त्यांना माझं हेच सांगणं असतं, पहिला माल एवढा करा की फसला तरी घराला सोसेल. लोक म्हणतात रिस्क घेतल्याशिवाय काही होत नाही, मला ते पटत नाही. कर्ज काढून, दागिने ठेवून पहिली खेप करणाऱ्या बायका मी बघितल्यात आणि त्यातल्या काहींना परत उभं राहायला फार वेळ लागला. बिनअनुभवी माणसाने धाडस करावं ते विचारायला जाण्याचं, दार वाजवण्याचं. पैशाचं धाडस नंतर.

भाव काढताना काय होतं बघा. आमच्या घरचं प्रमाण किलोभर मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, मग धने, तीळ, खसखस, हळकुंड, हिंग आणि सगळा खडा मसाला, दगडफूल, नागकेशर, जायपत्री सगळं. मिरचीत रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. आता सगळ्या बायका मिरचीचे आणि मसाल्याचे पैसे धरतात. पण मिरचीचे देठ काढले, उन्हात कडक वाळवली की किलोची मिरची किलो राहत नाही, ती घट धरत नाहीत. कांदा वाळला की किती उरतो, ते धरत नाहीत. तळायचं तेल, गॅस, डंक्यावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीवर, कांडायची मजुरी, बाजारातून यायची रिक्षा, पाकिटं, लेबल. आणि शेवटचं, जे कुणीच धरत नाही, स्वतःची मजुरी. आठ दिवस घरात ठसका लागून सगळे खोकतायत, हाताची आग होतेय, आणि त्याचे शून्य रुपये! मी गटात सांगते की शेतात भांगलायला गेलात तर दिवसाचे किती घेता, तेवढे तरी लिहा. ते लिहिलं की भाव दुकानातल्या पाकिटापेक्षा वर जातो आणि मग सगळ्याजणी घाबरतात. घाबरून भाव उतरवतात. उतरवू नका. दुकानातलं पाकीट घेणारा माणूस आपलं गिऱ्हाईक नाहीच, डंक्यावर कांडलेली चटणी शोधणारा आहे, अशी माणसं कमी असतात पण असतात, आणि एकदा चव लागली की ती पुढच्या वर्षी स्वतः फोन करतात.

एक बारीकशी गोष्ट सांगते, कारण अशा गोष्टीच कुणी सांगत नाही. चटणीत सगळा जीव कांद्याच्या ओलीवर आहे. उभा पातळ चिरलेला कांदा उन्हात वाळवून मग तेलात तळायचा आणि गार झाल्यावर मुठीत दाबून बघायचा, कुरकुर आवाज होऊन चुरा झाला पाहिजे, चिवट लागला म्हणजे आत ओल आहे, अशी चटणी दोन-तीन महिन्यांत गोळे धरते आणि वास मारते. तसंच डंक्यावरून आलेली चटणी गरम असते, ती ताटात पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरायची नाही, नाहीतर पाकिटाला आतून घाम येतो. घरात बरणीत भरताना हे एवढं जाणवत नाही कारण बरणी रोज उघडते. पाकीट महिनोनमहिने बंद राहतं. घरचं करणं आणि विकायचं करणं यात फरक पडतो तो असा, आणि तो शिकता येतो, एवढंच माझं म्हणणं.

कागदपत्रांची भीती तर विचारूच नका. "लायसन लागतं म्हणे" या एका वाक्यावर किती कामं सुरू न होता राहिलीत. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी लागते हे बरोबर आहे आणि ती करायलाच हवी, पण छोट्या घरगुती व्यवसायाला मोठं लायसन्स लागत नाही, साधी नोंदणी असते, ऑनलाइन फॉर्म, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. मी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. शंभर! आणि एका एजंटने मला त्याचे हजारांत सांगितले होते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद, ती तर सरकारी पोर्टलवर फुकट आहे, तिचेही पैसे मागणारे भेटतात. मग तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा, आणि त्याबरोबर घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, आपला पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहारीचं हिरवं चिन्ह. निव्वळ वजन म्हणजे पाकिटाशिवायचं, पाव किलो लिहिलं तर आत पाव किलो चटणीच पाहिजे, आणि काटा वजनमापे खात्याचा शिक्का असलेला. ऐकायला खूप वाटतं पण एकदा शांतपणे बसून केलं की होतं, आमच्या गटात सातवी शिकलेल्या बाईने मोबाईलवर स्वतः फॉर्म भरलाय, फक्त शेजारी कुणीतरी बसलेलं हवं होतं, सांगायला नाही, नुसतं बसायला.

सरकारची मदत पण आहे. पीएमएफएमई म्हणून जी केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना २०२० मध्ये आली तिच्यात मशिनरीसाठी कर्ज घेतलं तर ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, अशी सोय ठेवली होती आणि अर्ज भरून द्यायला जिल्ह्यात माणसंही नेमली होती. योजना चांगली. पण माझं प्रामाणिक मत, हे पहिल्या वर्षी नको. पहिली गिऱ्हाइकं परत यायला लागली, हाताने काम उरकेना झालं, की मग मशीन. अनुदान आहे म्हणून मशीन आणि मशीन आलंय म्हणून आता काय करूया, असं उलटं झालं की हप्ते तेवढे उरतात.

सगळाच संकोच वाईट असतो असं मी म्हणणार नाही हं. माझ्या चटणीने कुणाच्या पोटाला त्रास झाला तर, ही भीती असायलाच हवी, ती गेली तर मी हे काम करू नये. बुरशी धरलेल्या मिरचीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, ते भाजून तळून जात नाही, त्यामुळे स्वस्त मिळाली म्हणून डाग पडलेली मिरची घ्यायची नाही म्हणजे नाही. ही भीती कामात सावध ठेवते. पण लोक हसतील, जाऊबाई काय म्हणतील, पैसे कसे मागायचे, ही जी भीती आहे ती कामाला काहीच देत नाही. या दोन भीत्या वेगळ्या काढता आल्या की निम्मा गुंता सुटतो असा माझा अनुभव आहे.

पैसे मागण्यावरून आठवलं. ओळखीच्या बाईने पाकीट हातात घेऊन "किती झाले" असं विचारलं की आमच्याकडे हमखास तोंडातून येतं, राहू दे गं, घरचंच आहे. गटात मी चक्क सराव घेतला याचा, दोघी-दोघींनी समोर बसायचं, एकीने विचारायचं, दुसरीने आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. आकडा सांगून झाल्यावर "पण तुम्हाला जास्त वाटत असेल तर" असं काही जोडायचं नाही. पहिल्यांदा सगळ्या हसल्या, मग दोघीजणींच्या डोळ्यात पाणी आलं. त्यातली एक म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या कामाचा भाव मोठ्याने बोलले. संपादक साहेब, हे तुमच्या कुठल्याच यशोगाथेत नसतं आणि आमच्यासाठी सगळ्यात अवघड पायरी हीच असते.

हे काही फक्त बायकांचं किंवा कमी शिकलेल्यांचं नाही. माझा भाचा इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करतो, त्याला स्वतःचं ॲप काढायचं होतं आणि तोसुद्धा कित्येक दिवस अभ्यासच करत होता, अजून ही लँग्वेज शिकतो, अजून ते येत नाही, माझ्यापेक्षा हुशार मुलं पडलीत. त्याच्या गावाला दूध घालणारा एक माणूस आहे, महिनाअखेरीला गिऱ्हाइकांचा हिशोब करताना बिचारा रात्र रात्र वही घेऊन बसायचा. मी भाच्याला म्हटलं, जगासाठी नंतर कर, आधी या एका माणसासाठी कर. त्याने केलं. दिसायला साधंच आहे, रोजचं लिटर टाकायचं, महिन्याला बिल निघतं, कुणी सुट्टी सांगितली तर ते वजा होतं. तो दूधवाला वापरतो, आणि त्याने त्यात काय काय नडतं ते रोज फोन करून सांगितलं, आत्या त्याच्याकडून जेवढं शिकलो तेवढं कोर्समध्ये नाही शिकलो असं भाचा स्वतः म्हणतो. आता आणखी काहीजण ते वापरायला मागतायत.

दादासाहेब फाळक्यांचं पण असंच आहे की. चाळिशी उलटलेली, फोटोग्राफी येत होती, छपाई येत होती, सिनेमा येत नव्हता. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, पण पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी सिनेमा काढला नाही, आधी एका कुंडीत वाटाणे लावले आणि रोज एक एक चित्र घेत महिनाभर त्या रोपाची वाढ टिपली. मिनिटभराची फिल्म झाली. ती दाखवली आणि ती बघून पैसे देणारी माणसं पुढे आली. फिल्मला भोकं पाडणं, धुणं ही कामं घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या, 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीच्या कामाला बाई मिळेना तर हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या पुरुषाला उभं केलं, आणि ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला तो चित्रपट लागला. मला यातली ती वाटाण्याची कुंडी फार मोलाची वाटते. पूर्ण केलेलं काहीतरी छोटं समोर ठेवता आलं तर अनुभव किती हे कुणी विचारत नाही.

आता थोडं प्रशिक्षणांबद्दल, कारण त्यावर पैसा आणि वेळ दोन्ही भरपूर जातो. एका संस्थेचं तीन दिवसांचं उद्योजकता शिबिर मी केलं, नाव लिहीत नाही, हेतू चांगलाच होता त्यांचा. छान हॉल, छान जेवण, भाषणं प्रेरणादायी, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. पण तीन दिवसांत एकाही बाईने एक पाकीट भरलं नाही की एका माणसाला काही विकलं नाही. माझी खरंच मनापासून विनंती आहे अशा संस्थांना, पहिल्या दिवशी सकाळी प्रत्येकीला घरून काहीतरी करून आणायला सांगा, दुपारी बाजारात पाठवा, संध्याकाळी काय झालं ते ऐका. दुसऱ्या दिवशी कॉस्टिंग शिकवा, तेव्हा ते डोक्यात शिरेल कारण प्रश्न स्वतःचे असतील. आत्मविश्वास वाढवा म्हणून भाषण देऊन तो वाढत नाही, पहिले शंभर रुपये हातात पडले की वाढतो.

आमच्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची माणदेशी बँक काढली, १९९७ मध्ये ती सुरू झाली. त्याआधीचा अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता कारण प्रवर्तकांमध्ये अंगठा लावणाऱ्या बायका होत्या. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी परत गेल्या, आणि साहेबांना सांगितलं की कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा. लायसन्स मिळालं. माण तालुका म्हणजे दुष्काळी भाग, तिथल्या बायका हे करू शकल्या. त्यांनी नकार मिळाल्यावर त्या महिन्यांत काय केलं, संध्याकाळी रानातून येऊन पाटी कधी घेतली, कुणी शिकवलं, कोण मध्येच सोडून गेलं, हे मला कुणीतरी सविस्तर लिहिलेलं वाचायचंय. तुमचा वार्ताहर साताऱ्यात आहेच, माणही लांब नाही.

तर माझी विनंती अशी. पुरवणीतल्या यशोगाथा चालू ठेवा, त्यांचा आनंद आहेच, पण महिन्यातून एकदा तरी ज्यांचं पहिलं वर्ष चालू आहे अशा माणसांना जागा द्या. फोटो नसला तरी चालेल. पहिला माल किती, खर्च किती, विक्री किती, नुकसान कशात झालं, कुठल्या ऑफिसात कुठला कागद लागला, हे रुपयांसकट छापा. चांभार, सुतार, नर्सरीवाला, शिवणकाम करणारी, मोबाईल दुरुस्त करणारा, क्लास काढणारी, सगळ्यांचं. काम वेगळं असलं तरी पहिल्या वर्षीचे प्रश्न खूप सारखे असतात हे मला भाच्यामुळे कळलं. आणि ज्यांचं बंद पडलं त्यांचंही छापा, त्यांची इच्छा असेल तर, कारण का बंद पडलं हे वाचून दुसऱ्याचे पैसे वाचतील, आणि बंद पडलं म्हणून माणूस संपत नाही हे पण दिसेल.

सुरुवात माझ्यापासून करा हवं तर. माझ्या पहिल्या वर्षाची वही जपून ठेवलेली आहे, मिरचीच्या भावापासून लेबलच्या छपाईपर्यंत सगळं लिहिलेलं आहे, पानांचे फोटो काढून पाठवते. छापणार असाल तर फक्त फेब्रुवारीच्या आत छापा, एकदा बाजारात नवी मिरची आली आणि डंक्यावर रांगा लागल्या की बायकांना पेपर वाचायला वेळ नसतो, आणि यंदा ज्यांना पहिल्यांदा करायचंय त्यांना मिरची घ्यायच्या आधी तो हिशोब हातात मिळायला हवा.

आपली,
एक नियमित वाचक
कराड, जि. सातारा